खांबावर नऊ फूट

सोलापूरपासून सात मैलांवर करंजीचा तलाव होता, आणि त्या तलावावर बावीस वर्षं नोकरी केलेल्या कारकुनाचं वेणीमाधव हे नाव फक्त पगाराच्या कागदावर उरलं होतं. बाकी सगळा मुलूख त्यांना तोंडावर काका आणि पाठ वळली की खांबकाका म्हणायचा. त्यांना ते ठाऊक होतं, आणि खरं सांगायचं तर मनातून आवडतही होतं.

खांब म्हणजे तलावाच्या भिंतीला लागून, पाणी सोडायच्या मोरीच्या तोंडाशी रोवलेला दगडी खांब. त्यावर खालून वर फुटांचे आकडे कोरलेले, शून्यापासून तीसपर्यंत. तलाव बांधला तेव्हाच कुणा गोऱ्या इंजिनियरानं तो उभा केला आणि सोबत एक कोष्टक करून दिलं. खांबावर इतके फूट असले तर तलावात इतकं पाणी, आणि तलावात इतकं पाणी असलं तर शहराला इतके दिवस. ते कोष्टक काचेच्या चौकटीत घालून चौकीच्या भिंतीवर टांगलेलं होतं. देवांच्या तसबिरी त्याच्या खाली होत्या.

पाण्याचे वाटे ठरलेले होते. वरचं पाणी कालव्यातून खालच्या सहा गावांच्या रानाला. बारा फुटांवर आलं की कालव्याच्या मोरीला कुलूप, आणि त्याखालचं सगळं सोलापूरच्या पूर्वेकडच्या पेठांना प्यायला. माशांचा वाटा मात्र कुठल्याच कागदावर नव्हता. तो काठच्या वस्तीतल्या मासेमार भोयांनी आपला आपण राखला होता. तलावाच्या वरच्या अंगाला, जुन्या ओढ्याच्या वळणावर एक डोह होता. उन्हाळ्यात त्यात जाळं टाकायचं नाही, कारण तिथं मरळ माशांच्या माद्या राहतात आणि पुढच्या साली तलावात जे काही पोहणार ते सगळं त्यांच्या पोटी असतं, अशी भोयांची समजूत होती. समजूत कसली, कायदाच होता तो त्यांचा.

काका नोकरीवर रुजू झाले तेव्हा मोठ्या साहेबांनी त्यांना खांबापाशी उभं करून सांगितलं होतं, की तलावाकडे बघून अंदाज बांधत बसू नकोस. वाऱ्यानं पाणी फुगतं, उन्हानं चकाकतं, माणसाचा डोळा फसतो. खांबाकडे बघ. खांब खोटं बोलत नाही. काकांनी हे शब्द गुरुमंत्रासारखे जपले. रोज सकाळी सहाला आकडा वाचायचा, वहीत लिहायचा, कार्डावर लिहायचा, कार्ड सायकलवाल्याबरोबर सोलापूरच्या हापिसात धाडायचं. मग चहा. चौकीच्या ओसरीवरची त्यांची खुर्चीसुद्धा खांबाकडे तोंड करून मांडलेली असे. समोर मैलभर पाणी पसरलेलं, आणि हा गृहस्थ बावीस वर्षं एका दगडाकडे बघत बसला.

खांबाची सेवा मात्र त्यांच्यासारखी कुणी केली नसेल. दर उन्हाळ्यात पाणी सर्वांत कमी झालं की मोरीच्या तोंडाभोवती मातीचा गोल बांध घालायचा, आतलं पाणी उपसायचं, मोरीची दुरुस्ती करायची, आणि खांबाच्या पायाशी साचलेला गाळ काढून शून्याचा आकडा मोकळा करायचा. शून्य दिसल्याशिवाय काका माणसांना वर येऊ देत नसत. नोकरीच्या सुरुवातीला हा बांध दोन पुरुष उंच घालावा लागे, चाळीस माणसं दहा दिवस राबत. हळूहळू काम हलकं होत गेलं. अलीकडे तर कमरेएवढा बांध पुरायचा, सहा माणसं तीन दिवसांत मोकळी. खर्चात बचत केल्याबद्दल काकांना हापिसातून शाबासकीचं पत्र आलं होतं. तेही चौकट करून कोष्टकाशेजारी लावलेलं होतं. फक्त खांबाच्या पायाशी उतरायची लाकडी शिडी दर दोन-तीन वर्षांनी आखूड पडायची. मग सिद्धप्पा चौकीदार तिला खाली एक पायरी जोडायचा आणि काका वहीत नोंद करायचे: शिडीस एक पायरी वाढविली.

नियमाला काका पक्के. तलावाच्या पोटात कुणी कुदळ लावायची नाही असा खात्याचा हुकूम होता, कारण खणता खणता लोक भिंतीला धक्का लावतील अशी वरच्यांना भीती. पूर्वी खालच्या गावचे शेतकरी उन्हाळ्यात गाड्या आणून गाळ रानात नेत असत, ते ह्या हुकमानं बंद झालं. भोई मात्र बधेनात. अक्षय तृतीयेच्या आत घरटी एकवीस पाट्या गाळ डोहातून काढायचा, आणि लग्नघर असलं तर नवरदेवानं स्वतः एकशे एक काढायच्या, अशी त्यांची रीत. काका त्यांना धरायचे. दंड कशाचा करणार, त्यांच्याकडं असतं काय. तेव्हा बांबूची पाटी जप्त करायचे, तिला सुतळीनं चिठ्ठी बांधायचे, चिठ्ठीवर मोत्यासारख्या अक्षरात नाव, तारीख आणि गुन्हा लिहायचे, आणि चौकीमागच्या खोलीत खुंटीला अडकवायचे. बावीस वर्षांत ती खोली छतापर्यंत भरली होती.

त्या साली, म्हणजे एकोणीसशे एकतीसच्या उन्हाळ्यात, तलाव जेमतेम अर्धा भरलेला होता. फाल्गुनात खालच्या सहा गावांच्या वतीनं आबासाहेब चौकीवर आले. रानात कांदा उभा होता, पाण्याची एक शेवटची पाळी मिळाली तर पदरात पडेल, असं त्यांचं म्हणणं. काकांनी खांब बघितला, साडेतेरा फूट. कोष्टक बघितलं. बारापर्यंतचं पाणी रानाचं, त्यात वाद नव्हता. ते परवान्यावर सही करायला बसले, तेवढ्यात काशम्मा आली. भोयांच्या वस्तीत ती सगळ्यांत जाणती. नवरा जाऊन सात वर्षं झालेली, डोक्यावर माशांची पाटी, हातात काहिल, म्हणजे भोयांची कढईसारखी गोल होडी, हाकायचा लांब बांबू. पाळीचं ऐकून ती ओसरीच्या पायरीशीच थांबली.

"काका, पाळी देऊ नगा," ती म्हणाली. "माजा बांबू कमरंच्या वर भिजत न्हाय आता."

काकांनी बोट खांबाकडे केलं.

"त्यो ऱ्हाऊ द्या की. मधी बगळा उबा हाय त्यो बघा. त्याचं पाय काय तेरा फुटाचं हाईत?"

आबासाहेब हसले. सिद्धप्पा हसला. काकाही हसले, आणि बगळ्याची नोंद कोष्टकात नाही असं म्हणून त्यांनी सही केली. काशम्मा डोक्यावरची पाटी सावरून निघून गेली. आबासाहेबांनी जाताना काकांचे हात हातात घेतले, आणि काकांना आपण फार मोठं न्यायाचं काम केल्यासारखं वाटलं.

चैत्रात ते कामानिमित्त सोलापुरात गेले तेव्हा भवानी पेठेतल्या नळावर बायकांची रांग होती. नळाचं पाणी कुठून येतं हे जाणणाऱ्या दोघी-चौघी त्यांना ओळखत. त्यातल्या कमलम्मानं, हातमागावर साड्या विणणाऱ्या घरातली बाई ती, त्यांना अडवून विचारलं, की लेकीचे दिवस भरत आलेत, बाळंतपणाला हिकडं आणू की तिकडंच ठेवू? तिच्या सासरच्या गावाला नदी आहे, इथं उन्हाळ्यात पाण्याचं काय ते तुम्ही सांगा. काकांनी मनातल्या मनात कोष्टक वाचलं आणि तिला सांगितलं, खुशाल आणा. मृग लागेपर्यंत पाण्याला मरण नाही, माझा शब्द आहे. कमलम्मानं त्याच आठवड्यात लेकीला आणलं.

वैशाखातल्या एका मंगळवारी काका नेहमीसारखे सहाला उठले. तलाव शांत होता. वारा अजिबात नव्हता आणि पाण्यावर आभाळाचा तांबूस रंग पसरला होता. खांबावर नऊ फूट, ना इंच वर, ना इंच खाली. कोष्टकात नऊ फुटांसमोर अठ्ठेचाळीस दिवस. अठ्ठेचाळीस दिवसांत मृग येऊन जातो. त्यांनी कार्ड लिहिलं, सायकलवाला ते घेऊन गेला, आणि साडेसहाला सिद्धप्पानं शहराकडच्या मोरीची किल्ली फिरवली. रात्रभर बंद असलेलं पाणी भिंतीखालून घोंगावत निघालं. काका बशीत चहा ओतत होते.

पहिल्यांदा त्यांना वाटलं आपल्या चष्म्यावर वाफ आली. खांबावरचा नऊचा आकडा काल रंगवल्यासारखा ओला आणि पूर्ण उघडा दिसत होता. त्यांनी चष्मा पुसला. नऊच्या खाली आठ दिसत होता. दिवसभर मोरी उघडी ठेवली तरी खांब अर्धा इंच उतरला तर उतरायचा, आणि इथं चहा निवायच्या आत फूटभर उतरला होता. ते उठून कठड्याशी गेले. आठ उघडा पडला. सात. पाणी खांबावरून असं खाली सरकत होतं, की कुणी तळाचं बूच काढलं असावं. त्यांना ओरडायचं होतं की मोरी बंद कर, पण ते आकडेच वाचत राहिले. सहा. पाच. खाली कुठंतरी काहीतरी जोरानं गुरगुरायला लागलं आणि मासे एकमेकांवर आपटायला लागले.

सिद्धप्पानं आपण होऊनच किल्ली उलटी फिरवली. तोवर खांबावर दोन फूट राहिले होते. तो धावत कठड्याशी आला, एकदा खांबाकडे आणि एकदा समोर बघितलं, आणि इतकी वर्षं काकांशी मराठीत बोलणारा हा माणूस आईच्या भाषेत, कानडीत, पुटपुटला, "नीरिल्ला."

पाणी नाही. काकांनी मान वर केली आणि बावीस वर्षांत पहिल्यांदा तलावाकडे नीट बघितलं.

तलाव नव्हताच. जिथं मघाशी तांबूस पाणी पसरलेलं दिसत होतं तिथं चिखल होता, मैलभर, सपाट, आणि त्यावर बोटभर पाण्याचा पापुद्रा. तोच चकाकत होता. पापुद्र्यात मासे आडवे पडून शेपट्या आपटत होते. बगळे मधोमध निवांत फिरत होते, घोट्याएवढ्या पाण्यात. हे सगळं काल संध्याकाळीही असंच असणार. परवाही असणार. काका कठडा धरून खाली बसले.

मग ते शिडीनं खाली उतरले. सिद्धप्पा नको म्हणत होता, पण त्यांना खांबाच्या पायाशी जायचं होतं, तिथंच काहीतरी घोटाळा झाला असणार. एक, दोन, तीन, पायऱ्या मोजत ते उतरत गेले आणि सहाव्या पायरीवर त्यांच्या लक्षात आलं, की आपलं डोकं तलावाच्या तळापेक्षा खाली गेलंय. भोवती गाळाच्या उभ्या भिंती होत्या. भिंतींत थरांच्या रेघा स्पष्ट दिसत होत्या, दर पावसाळ्याची एक रेघ, चपातीच्या पदरांसारखी. ते एका खड्ड्यात उभे होते. चार खाटा मावतील एवढा खड्डा, नऊ फूट खोल, मधोमध खांब. आणि तो खड्डा त्यांनीच खणला होता, दर उन्हाळ्यात थोडा थोडा, शून्य दिसावं म्हणून.

खांब खरोखरच खोटं बोलला नव्हता. खांबापाशी नऊ फूट पाणी होतं. ते फक्त खांबापाशीच होतं. वरच्या रानातली झाडी तुटली, उतार नांगरले गेले, आणि वर्षानुवर्षं तिकडची माती वाहून येऊन तलावाच्या पोटात बसत गेली. सगळा तलाव वर उचलला गेला. फक्त एका जागी काकांनी गाळ बसू दिला नाही, आणि नेमकं तिथंच रोज सकाळी पाणी मोजलं. दोन पुरुषांचा बांध कमरेवर का आला, शिडी का वाढवावी लागली, हे त्यांच्याच अक्षरात त्यांच्याच वहीत लिहिलेलं होतं. इतकी सरळ गोष्ट. काशम्माच्या बगळ्याला कळत होती. काकांना स्वतःची इतकी लाज वाटली, की काही वेळ तिथून वर येऊच नये असं त्यांच्या मनात आलं. पण हापिसात आपलं कार्ड पोचलं असेल, नऊ फूट, अठ्ठेचाळीस दिवस, आणि कमलम्माची लेक आता भवानी पेठेत आहे, हे आठवलं आणि ते शिडी चढले.

दुसरं कार्ड त्यांनी सिद्धप्पाच्या हाती दिलं. त्यावर आकडा नव्हता. पाणी नाही, एवढंच होतं.

दुपारी सोलापूरहून ओव्हरसियर टांग्यानं आले. कार्ड वाचून कारकुनाचं डोकं फिरलं असावं असं समजूनच ते आले होते. ते भिंतीवर चढले, समोर बघितलं आणि टोपी काढून तसेच उभे राहिले. शहराच्या उंच टाकीत दीड दिवसाचं पाणी होतं. विहिरी खणायला, पाण्याच्या गाड्या लावायला निदान आठ-दहा दिवस. मध्ये काय, हे त्यांना सुचत नव्हतं. शेवटी त्यांनी कोरड्या आवाजात विचारलं, की ह्या सगळ्या पसाऱ्यात कुठं थेंब तरी आहे का.

होता. भिंतीवरून लांब, वरच्या अंगाला, चिखलाच्या मधोमध एक काळसर तुकडा दिसत होता. तो चकाकत नव्हता, म्हणजे खोल होता. भोयांचा डोह. साहेबांनी लगेच फर्मावलं, डोहापासून मोरीपर्यंत चर खणा, पाणी खाली आणा, भोयांना हुकूम द्या. काका म्हणाले, हुकूम नको, मी विचारून येतो. असलं उत्तर त्यांनी वरच्या माणसाला उभ्या जन्मात दिलं नव्हतं.

तलावाला वळसा घालून ते डोहाशी पोचेपर्यंत उन्हं कलली होती. भोयांच्या बायका चिखलातले जिवंत मासे घागरीत घालून डोहात आणून सोडत होत्या. काशम्मा काठावर उभी राहून सांगत होती कुठले ठेवायचे. काकांना बघून तिनं पदर सारखा केला, पण बगळ्याचं काही काढलं नाही. तिनं टोमणा मारला असता तर त्यांना बरं वाटलं असतं.

त्यांनी हात जोडले आणि सगळं सांगितलं. खड्डा, शिडी, भवानी पेठेतला नळ, कमलम्माची लेक, काही लपवलं नाही. आणि शेवटी पाणी मागितलं. डोह उपसला तर माद्या जगणार नाहीत, पुढची दोन-तीन सालं वस्तीच्या जाळ्यात काही येणार नाही, हे त्यांना कळत होतं, आणि तेही त्यांनी बोलून दाखवलं.

काशम्मानं विचारलं, ह्या पाण्यावर शहर किती दिवस काढील. काकांनी सवयीनं तोंड उघडलं आणि पुन्हा मिटलं.

"माहीत नाही, काशम्माबाई," ते म्हणाले.

तिनं बांबू डोहात घातला. बांबू तिच्या मुठीपर्यंत बुडाला, ती गुडघ्यांवर बसली, कोपरापर्यंत हात पाण्यात गेला, तरी तळ लागला नाही. खाली झरा होता. दर साली गाळ निघत राहिला म्हणून तो बुजला नव्हता. सगळ्या तलावात एवढीच जागा, तलाव बांधला तेव्हा होती तशी, उरली होती. काका त्या बांबूकडे बघतच राहिले. किती फूट आहे, असं त्यांच्या तोंडून निघून गेलं.

"आमी मोजत न्हाय, काका," काशम्मा म्हणाली. "आमी काडतो."

वस्तीतली माणसं भोवती जमली होती. काहींच्या चेहऱ्यावर राग होता, आणि का नसावा. एकानं विचारलंही, की शहराचा वाटा कागदावर, रानाचा वाटा कागदावर, मग आमचाच का जायचा. काशम्मा पाण्याकडे बघत बसली होती. शेवटी ती उठली. पोटुशी बाई तहानली तर माशाला पण पाप लागंल, असं काहीसं पुटपुटली आणि तिनं ठरवून टाकलं. मोठ्या माद्या घागरींनी वस्तीच्या बारवेत सोडायच्या. निम्म्या मरतील, निम्म्या ऱ्हातील. पाणी शहराला न्या. पण चर खणायचा तर पाट्या लागतील, आणि वस्तीत तेवढ्या पाट्या नव्हत्या.

"पाट्या तुमच्याकडं हाईत," ती म्हणाली.

काकांनी चौकीमागची खोली उघडली तेव्हा दिवेलागण व्हायला अवकाश होता. पाट्यांचा ढीग बघायला मागं उभी असलेली माणसं दारात दाटली. किती धरले आणि किती जप्त केल्या, हे आजवर कुणी एका जागी बघितलं नव्हतं, काकांनीसुद्धा नाही. काहींना वाळवी लागली होती, बऱ्याचशा धड होत्या. ते एकेक काढून चिठ्ठी वाचायला लागले. नाव घेतलं की ज्याची त्यानं पुढं यायचं. काही नावांना ओ देणारं कुणी उरलं नव्हतं, तिथं मुलगा यायचा, सून यायची. प्रत्येक चिठ्ठीवर तोच गुन्हा, तेच वळणदार अक्षर.

अगदी मागच्या खुंटीवरची पाटी त्यांनी काढली आणि थांबले. काशम्मा पुढं आली नाही, पण बघत होती.

"वाचा की," ती म्हणाली.

"सोमलिंग भोई. डोहातून गाळ काढला. पाट्या एकवीस."

तिनं पुन्हा वाचायला सांगितलं. नवऱ्याचं नाव तिनं स्वतः कधी घेतलं नव्हतं, आणि सात वर्षांत दुसरं कुणी तिच्यासमोर घेतलं नव्हतं. काकांनी पुन्हा वाचलं.

"ह्यो गुना व्हता व्हय?"

काकांनी पाटी तिच्यापुढं धरली. डोळ्यांतून पाणी यायला लागलं होतं आणि ते पुसायचंही त्यांना भान नव्हतं. काशम्मानं पाटी घेतली, सुतळी सोडली, चिठ्ठीची घडी करून कमरेला खोचली. मग ती पाटी तिनं काकांच्याच हातात दिली.

रात्री निरोप पोचला आणि दुसऱ्या दिवशी पहाटे आबासाहेब सहा गावांची माणसं घेऊन आले. चिखलात पाय मांडीपर्यंत रुतत होता, म्हणून त्यांनी गाड्यांतून आणलेल्या कडब्याच्या पेंढ्या चरापासून भिंतीपर्यंत अंथरल्या. उन्हाळ्यात जनावरांच्या तोंडचा कडबा चिखलात घालणं सोपं नव्हतं, पण फाल्गुनातली पाळी त्यांनीच मागितली होती आणि ते विसरले नव्हते. निघालेला गाळ त्यांच्या रानात जाईल असं ओव्हरसियरांनी तोंडी मान्य केलं. हुकूम बदलायला त्यांना अधिकार नव्हता, पण त्या दिवशी त्यांनी कुणाला थांबवलं नाही. खणणाऱ्यांच्या रांगेत काका होते. धोतर वर खोचून, सोमलिंगाची पाटी डोक्यावर घेऊन ते खेपा घालत होते. पन्नाशीतल्या बैठ्या माणसाला ते झेपत नव्हतं. दोनदा पडले, आणि सिद्धप्पा धरायला आला तर त्याला हातानंच दूर केलं.

डोहाचं पाणी संध्याकाळी चरातून मोरीकडे वाहायला लागलं. गढूळ होतं, माशांचा वास येत होता, आणि किती दिवस पुरेल हे कुणीच बोललं नाही. बारवेशी काशम्मा मेलेल्या माद्या बाजूला काढत होती. त्या बऱ्याच होत्या.

काकांनी पाटी धुतली आणि चौकीमागच्या खोलीत गेले. खोली रिकामी होती, नुसत्या खुंट्या होत्या. त्यांनी एक कोरी चिठ्ठी घेतली, नेहमीच्या अक्षरात तीन ओळी लिहिल्या आणि सोमलिंगाची चिठ्ठी ज्या खुंटीला होती तिथं सुतळीनं बांधली. कंदील घेऊन मागून आलेल्या सिद्धप्पाला वाचता येत नव्हतं, म्हणून त्यानं विचारलं काय लिहिलंय. काकांनी त्याला वाचून दाखवलं.

"वेणीमाधव, चौकी. गाळ काढला नाही. वर्षे बावीस."